इरघयते

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा राग शिळा झालेला नाही. आमच्या वऱ्हाडातल्या धाडच्या शाळेतला आठवीचा वर्ग. महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं आणि तुम्ही पुण्याकडून आलेले. "वितळणे म्हणजे काय?" तुम्ही विचारता. मी उभी राहते. सकाळीच आईने चुलीवर गुळाचा पाक केलेला, तो डोळ्यांपुढे असतो. "गूय चुलीवर इरघयते सर, तसं." तुम्ही हसता, मग सगळे हसतात. "इरघयते! हा शब्द कुठल्या उकिरड्यावर सापडला?" बाकावर उभं करून तुम्ही तो शब्द मला तास संपेपर्यंत म्हणायला लावलात. पुढे संस्कृत विषय मागायला आले, तर म्हणालात, "तुमच्या लोकांच्या जिभेला ते झेपायचं नाही." कोणत्या लोकांच्या, ते सगळ्यांना कळलं, आमच्या घरात नुकताच बुद्धाचा फोटो लागला होता. आईने विचारलं, "काऊन रडून राह्यली वं?" मी सांगितलं नाही. शब्द तिचाच होता.

मी नागपूरला संस्कृत शिकले, ती ज्ञानाच्या ओढीने नव्हे, तुमच्यावरच्या रागाने. तिथे कळलं, द्रव हा शब्द 'द्रु' धातूपासून आला, अर्थ धावणे. घट्ट बसलेलं जे धावायला लागतं, ते द्रव. द्रवणे, म्हणजे दया येणे, तेही त्यातलंच. आणि आईचं इरघयणं म्हणजे विरघळणंच, आमच्या तोंडात वळलेलं. हे तुम्हाला ठाऊक असणारच. तरी हसलात.

मग मी त्याच शाळेत संस्कृतची बाई होऊन आले. तुमच्या सत्काराला मला बोलायला सांगितलं. तुम्ही खुर्चीत, गळ्यात हार. मी तो तास सगळ्या गावापुढे सांगितला, वऱ्हाडीत, तुमच्याकडे बघत. शेवटी म्हटलं, "सर, आता तुमी म्हना. इरघयते." तुमचे ओठ हलले. "बाई, मला काही आठवत नाही," एवढंच म्हणालात आणि पाणी मागितलंत. माझं त्यावर भागलं नाही.

तुमच्या मयतीला मी आले होते. लोक रडत होते. मी तुमचा चेहरा नीट बघून घेतला आणि घरी येऊन पोटभर जेवले. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. पण त्या दिवशी मलाही वाईट वाटलं होतं, सर. अजून काही वर्षं तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर जगायला हवे होतात.