हजार ग्रॅमच्या आत

१७ फेब्रुवारी १९८३

लाडके झोयका,

तुझ्या रुफाताईचे भरभरून आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं, वाळवलेल्या अळंब्याही पोचल्या. माझे गुडघे होते तसेच आहेत. यंदा आंबवलेल्या कोबीत मीठ जास्त पडलं, तरी आम्ही दोघी खातोय. माझी इन्ना बरी आहे. म्हणजे कामावर जाते आणि येते.

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. आगगाडीच्या डब्याची देखरेख करणारी बाई ओळखीची आहे, तिच्या हाती देते आहे. वाचून झालं की चुलीत घाल.

तुझ्या नवऱ्याला, गेनाला, कारखान्यानं वसाहतीत दोन खोल्या दिल्या, नववा मजला, गरम पाणी, म्हणून तू हरखून गेली आहेस. मार्चमध्ये सामान हलवणार आणि मेमध्ये बाळंत होणार. झोयका, येऊ नकोस. आईच्या गावीच बाळंत हो. गेनाला यायचं तर येऊ दे. तसेही इथले पुरुष पेन्शनीपर्यंत थांबत नाहीत, आमच्या अंगणातल्या बाकावर विधवांनाच जागा पुरत नाही. रागावलीस ना? रागाव, पण आधी पुढचं वाच.

माझं काम तुला ठाऊक आहे. सूतिकागृहांचे तक्ते येतात, मी शहराचे जन्म-मृत्यू बेरजेला धरते आणि वर पाठवते. त्यात एक नियम आहे. हजार ग्रॅमच्या आतलं मूल सात दिवसांत गेलं, तर ते जन्मलंच नाही असं धरायचं. ते जन्मात नाही आणि मृत्यूतही नाही. वीस वर्षं मी हा नियम मुकाट पाळला.

दोन वर्षांपूर्वी वसाहतीच्या तक्त्यात मेलेली बाळं वाढायला लागली. मी आहे तसं लिहून पाठवलं, तर कागद परत आला. आमच्या मुख्य एलेओनोरा मार्कोव्हना दारातच म्हणाल्या, "रुफा, तुझ्या कोष्टकात बाळं मरतायत आणि साहेबांच्या भाषणात शहर वाढतंय. आता तूच सांग, कोणाला बदलायचं?"

आठवड्यानं नवा तक्ता आला. मेलेली बाळं तेवढीच होती, फक्त त्यांची वजनं उतरली होती. नऊशे सत्तर, नऊशे नव्वद, नऊशे ऐंशी. मी फोन लावला. तिथली डॉक्टरीण म्हणाली, "आमच्याकडे नवा काटा आलाय, रुफिना बाई." मी हसले. खरंच हसले गं, आणि सही केली. तेव्हापासून दर महिन्याला करते आहे. गेल्या महिन्यात अशी एकोणीस होती. कशानं जातात ते कोणी लिहीत नाही. वसाहतीत बाल्कनीत वाळत घातलेली चादर संध्याकाळी पिवळी होते, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता जे टाळत होते ते लिहिते.

ऑक्टोबरात मी तुला कळवलं होतं की इन्नाचं पाचव्या महिन्यातच पडलं. ते खोटं होतं. तिला साडेसातव्या महिन्यात वसाहतीच्याच सूतिकागृहात मुलगा झाला. वजन एक हजार सहाशे चाळीस. इन्नानं स्वतः आकडा वाचला होता. त्याला रोद्या म्हणायला लागली होती. सहाव्या दिवशी सकाळी तो गेला. त्याला त्याच्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, शेजारी पुरायचं म्हणून इन्ना दाखला मागायला गेली. "कसला दाखला?" तिथली बाई म्हणाली. "नोंदच नाही."

महिनाअखेर तक्ता माझ्या टेबलावर आला. आडनाव आमचंच होतं. मुलगा, नऊशे ऐंशी ग्रॅम, सहावा दिवस. मी पेन उचललं. एलेओनोरा मार्कोव्हना पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, "वाईट वाटतं गं. पण एक खरं लिहिलंस, तर बाकीच्यांचं काय सांगशील?"

मी सही केली, झोयका. घरी येऊन इन्नाला सांगितलं की पुष्कळ धडपडले, पण कागद काही निघाला नाही. ती बिचारी म्हणाली, "जाऊ दे आई, तू तरी काय करणार." त्याला कुठं नेऊन टाकलं हे आम्हाला आजही ठाऊक नाही. माझीच मला लाज वाटते.

म्हणून सांगते, येऊ नकोस. गेना म्हणेल, म्हातारी बहीण जळते. म्हणू दे.

आणि माझं न ऐकता आलीसच, तर बाळाला काट्यावर ठेवतील तेव्हा अर्धमेली असलीस तरी मान वळव. आकडा मोठ्यानं म्हण. दोनदा म्हण. बाई तुझ्यासमोर लिहीपर्यंत डोळा मिटू नकोस. कारण ते तक्ते अजून माझ्याकडेच येतात, आणि मी कशी आहे ते आता तुला कळलं आहे.

तुझी रुफा,
रोद्याची आजी. त्याचं नाव कागदावर पहिल्यांदाच लिहिते आहे.