मुहूर्ताला विकणारा प्रोग्राम

१३ ऑक्टोबर

चालला! आज माझ्या प्रोग्रामने करी रोडला बुधाजीशेठच्या शेअरच्या ऑफिसात पहिला खरा सौदा केला. एफ-वन — घेतलं. एफ-टू — विकलं. कीबोर्डला कुणी बोटही लावलं नाही!

मी तिथे नव्हते. हेमदादाने येऊन सांगितलं. शेठ त्याला म्हणाला, "हेमचंद्र, डोकं आहे रे तुझं!"

डोकं माझं आहे. पण आमचं ठरलंय तसं. मी बनवायचा, दादाने आपल्या नावावर विकायचा. चार माणसं समोर आली की माझी जीभ आत जाते. नववीत शाळा सुटली ती ह्या जिभेमुळेच. दादाने दादरला कॉम्प्युटरचा क्लास लावलेला, अर्धा सोडला. पुस्तकं नि जुना कॉम्प्युटर घरात पडून होता, मी त्यावरच शिकले.

१६ ऑक्टोबर

बाबांना कळलं. "गिऱ्हाईक म्हणून बुधाजीच गावला तुला? संपाच्या टायमाला कामावर जाणाऱ्यांची हाडं मोडायचा तो!"

दादा हसला. "बाबा, गिरणी पण गेली नि संप पण गेला. आता तो शेअर विकतो."

बाबांनी जेवता जेवता त्याच्या थोबाडीत दिली. आमटी भिंतीवर.

२४ ऑक्टोबर

बाजार कोसळला. ऑफिसच्या जिन्यात दोघं एकमेकांवर धावून गेले, एकाचा दात पडला. दादा सांगत होता, पायरीवरचं रक्त तसंच होतं नि लोक त्याच्यावरून उड्या मारून वर जात होते.

पण माझा प्रोग्राम वाचला! बाजार साडेतीनला बंद होतो ना, मी त्यात घातलंय — तीन-वीसनंतर हातात असेल ते विकून टाक, काही ठेवू नको. शेठ खूश. लालबागची अजून दोन ऑफिसं मागतायत. दादा बोलून आलाय, "काय झालं तर मला धरा."

२८ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

देवा. देवा. काय केलं मी!

आज बाजार दिवसभर बंद. फक्त संध्याकाळी तासभर उघडतो, मुहूर्ताला. शकुन म्हणून सगळे थोडं थोडं विकत घेतात. आज विकायचं नसतं — दारात आलेल्या लक्ष्मीला हाकलल्यासारखं होतं. हे मला माहीत होतं! पोराटोरांना माहीत असतं! पण प्रोग्रामला मी सांगितलंच नव्हतं. त्याच्या घड्याळात तीन-वीस कधीच होऊन गेलेले.

दादाचा फोन आला. "गुणू, हा विकतोय! शेठ हळदीकुंकू वाहून एफ-वन दाबतोय नि हा लगेच एफ-टू! थांबत नाही गं!"

मी ओरडले, "वायर खेच! वायर!"

मागून शेठचा आवाज. मग काहीतरी फुटलं. फोन बंद.

हातातलं संपल्यावर नसलेलं पण विकत सुटला असणार. ते पण मी अडवलं नव्हतं. आणि बाजार नेमका आज वर — नसलेलं विकलं ते आता महागात घेऊन द्यायचं.

२९ ऑक्टोबर

शेठचा माणूस शिवा दादाला रिक्षेतून गोणीसारखा आणून टाकून गेला... नाही, टॅक्सीतून. रिक्षा इकडे कुठे येते. माझं डोकं चालत नाही.

उजव्या हाताची तीन बोटं मोडलीत. डोळा दिसत नाही, नुसती सूज. आई किंचाळली, "कोणी मारल्यान रे तुका? बोल मेल्या!" बाबा कडीला कुलूप घालून दाराला पाठ लावून बसलेत.

मला बुधाजीचं टाळकं फोडायचंय. पाट्याच्या वरवंट्याने.

३० ऑक्टोबर, भाऊबीज

ओवाळताना कुंकू कुठे लावू कळेना. कपाळ उसवलंय. कानाजवळ लावलं.

मी हळूच विचारलं, "माझं नाव?"

"नाही काढलं," दादा म्हणाला. "मेलो तरी काढणार नाही."

मी निरांजन घेऊन मोरीत गेले नि रडले.

सोमवारी त्याला शेठने बोलावलंय. सगळ्यांच्या समोर बसून प्रोग्राम नीट करायचा. नाही जमलं तर दुसरा हात.

१ नोव्हेंबर

शिकवतेय. त्याला येत नाही. एकच ओळ, तीच ओळ, परत चुकतो! आज मी त्याला मारलं. सुजलेल्या गालावर. त्याने डाव्या हाताने गाल चोळला नि परत तीच ओळ काढली. मी बुधाजीपेक्षा काय वेगळी?

त्याने माझ्यासाठी मार खाल्ला. मला चार माणसांत जाऊन बसता येत नाही?

३ नोव्हेंबर

गेले. दादाच्या मागे मागे. आत बिडीचा धूर नि सगळे पुरुष.

दादा खुर्चीत बसला, डाव्या हाताने काहीतरी दाबायला लागला. चुकीचं. शिवाने त्याची मान धरून डोकं टेबलावर आपटलं. एकदा. परत एकदा.

मी शिवाचा हात चावले! कचकन. रक्ताची चव आली. तो शिव्या घालत मागे सरला नि मी दादाला ढकलून खुर्चीत बसले. तोंडातून शब्द एक निघाला नाही. बोटं चालली. मुहूर्ताचा दिवस घातला. हातात नसेल ते विकू नको, हे घातलं. मग चालवून दाखवला.

शेठ शिवाकडे बघायला लागला. शिवा दादाकडे. दादा जमिनीकडे.

"तू बनवलास?" शेठ म्हणाला.

मी मान डोलावली.

"हेमचंद्र, तू घरी जा, तुझं मिटलं. पोरी, तू उद्यापासून इथे बसायचं. नुकसान भरून निघेपर्यंत."

दादा मागे न बघता गेला. जाऊ दे. सुटला ना! आज असं वाटतंय की पहिल्यांदा मी कुणाच्या तरी कामाला आले.

५ नोव्हेंबर

शिवा आज हातावरची पट्टी सोडत हसत म्हणाला, "म्हणजे खरंच बोलत होता की तुझा भाऊ! पहिल्याच थपडीला बोंबलला — माझ्या बहिणीने केलाय, तिला आणा. आम्हाला वाटलं, साला बाईमागे लपतोय. बोटं त्यासाठीच मोडली."