नुसत्या पाण्यात धुतलेला फोटो

भावोजी,

माझी धाकटी बहीण न सांगता निघून गेली, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. तिचा शेवटचा फोटो मात्र हौसेनं बैठकीत लावलायत. मीठ आणि चांदीचा क्षार लावलेल्या, जुन्या पद्धतीच्या कागदावरचा तो फोटो मीच छापला. न्यायला आलात तेव्हा डार्करूमच्या दारातूनच म्हणालात, "ताई, हायपोत घालू नका. नुसत्या पाण्यात धुऊन द्या, घाई आहे." निगेटिव्हही मागून घेतलीत.

हायपोनं फोटो पक्का होतो. त्याशिवाय तो उजेडात हळूहळू काळा पडतो. हे तुम्हाला तिनंच कधीतरी कौतुकानं सांगितलं असणार. फाडला असतात तर चारचौघांनी विचारलं असतं. आपोआप काळा पडला, तर कोण काय म्हणणार?

मी मान डोलावली, दार लोटलं आणि फोटो हायपोत बुडवला. मग नळाखाली खळखळून धुतला. टिपकागदात गुंडाळून तुम्ही तो ओलाच नेलात.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंत, तर फोटो उतरवाल. त्यापेक्षा येता-जाता बघत राहा, काळा पडतोय का ते. तिचा चेहरा जाणार नाही, भावोजी. तिच्या मानेवर उमटलेली तुमची बोटंही जाणार नाहीत.

तिची थोरली बहीण