हाकेला ओ न देणारं मशीन

प्रिय आई, पाया पडते.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर आवाजावरूनच तू ओळखलं असतंस, म्हणून लिहितेय.

ऑफिसात कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीवर नेटवर्कची देखरेख शिकतेय. शिकवतो तो शेजारच्या टेबलावरचा मास्तर. तोच गं, ज्याला तू मफलर विणून पाठवलास! तो म्हणाला होता, "मशीनला पिंग कर, म्हणजे हाक मार. ओ दिली नाही, तर बंद पडलंय समज."

काल मुख्य मशीनने ओ दिली नाही. मी साहेबांसमोर बोंब ठोकली, सगळं ऑफिस धावलं. मशीन व्यवस्थित चालू होतं. पिंगला उत्तर द्यायचं नाही, असं मास्तरनेच सकाळी त्यात सेट केलं होतं. दुसऱ्या मार्गाने खात्री करायची असते, हे त्याने मला कधी शिकवलंच नाही. सगळे हसले, मास्तर तर तुझा मफलर गळ्यात घालून हसला.

आम्हा दोघांत कायमच्या नोकरीची जागा एकच होती. ती त्याला मिळाली.

दादाला सांगू नकोस, तो तडक इथे येऊन थडकेल.

आज सकाळपासून मास्तर मला हाका मारतोय. मी ठणठणीत आहे आई, फक्त ओ देत नाही.

तुझीच,
धाकटी