जखम भरतानाच्या पेशी

३ जून

काय झालं ते आधी क्रमाने.

१. दोन वर्षांपूर्वी माझ्या गर्भाशयाच्या मुखावरचा बिघडलेला भाग काढला. कॅन्सर नव्हता, तसाच ठेवला असता तर होऊ शकला असता. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे मागे काही उरलं नव्हतं.
२. गेल्या महिन्यातली तपासणी: पेशी नॉर्मल.
३. आज लॅबमध्ये पडताळणी माझ्याकडे होती. नॉर्मल ठरलेल्या काही स्लाइड, नावावर पट्टी चिकटवून, दुसऱ्याने पुन्हा पाहायच्या. एका स्लाइडवर बिघडलेल्या पेशींपाशी मी शाईचे चार ठिपके दिले. केंद्रकं मोठी, काळपट, कडा वेड्यावाकड्या. शंकाच नाही.
४. पट्टी काढली. नाव माझं.

नॉर्मल म्हणून पहिली सही लॅबमधल्या ताईंची — मायक्रोस्कोपवर नजर बसवायला मला त्यांनीच शिकवलं.

४ जून

आमच्यापैकी कुणाची स्लाइड आमच्याकडे तपासायची नाही, असा नियम आहे. हॉस्पिटलने नेहमीच्या गठ्ठ्यातून पाठवली. आता ती बाहेरच्या लॅबकडे गेली, ज्या विषाणूमुळे पेशी अशा बिघडतात त्याच्या चाचणीसकट.

डबा खायच्या खोलीत ताई एकट्याच होत्या.

"नाव वाचलं गं मी. तेव्हाच बाजूला ठेवायला हवी होती."

"पेशी दिसल्या नाहीत?"

"दिसल्या. म्हटलं, जखम भरतानाच्या असतील, त्याही अशाच मोठ्या दिसतात."

"दोन वर्षांनी? कसली जखम भरतेय, ताई?"

त्यांनी डबा न उघडताच पिशवीत परत ठेवला.

६ जून

आईचा फोन. "फोटो तरी बघ. मुलगा काय फोटोतून येऊन खाणार आहे तुला?"

बघते म्हटलं. हा विषाणू कसा येतो ते तिला सांगायचं, तर एका माणसाबद्दलही सांगावं लागेल. ते नातं संपून चार वर्षं झाली. विषाणू बहुधा तेव्हापासून मुक्कामाला आहे.

१० जून

बाहेरचा रिपोर्ट: तीव्र बदल. विषाणू दोन वर्षांपूर्वीचाच, सोळा नंबरचा, कॅन्सरचा धोका सगळ्यात जास्त असलेला.

डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून पाहिलं. "परत काढावं लागेल. या वेळी जास्त खोल."

पुढे गर्भ राहील का, विचारलं. "राहील. पण मुख आखूड होतं, दिवस पूर्ण होईपर्यंत फार जपावं लागेल." आत कॅन्सर आहे का, ते तुकडा तपासल्यावरच.

घरी येऊन शेगडी घासली. स्वच्छच होती.

११ जून

ताई रजेवर. लॅबचे सर म्हणाले, "नोकरी सोडते म्हणतेय."

दुसऱ्या कुणाची असती तर ती स्लाइड त्यांच्या नजरेतून सुटली नसती. हे कळतं, म्हणून धड रागावताही येत नाही.

१२ जून

ताईंना पाठवलेला निरोप, जसाच्या तसा —

"सोमवारी सकाळी दाखल व्हायचंय. सोबत घरचं एक माणूस लागतं. आईला सांगितलेलं नाही. तुम्ही याल का? शुक्रवारपर्यंत कळवा."