टोपलीखालचा दर्यातला पक्षी

आये,

निकेश तुझ्या पाया पडतो. मी बरा हाय, पोटभर जेवतो. जहाज सहा महिने नांगरावरच हाय, मालकाचा पत्ता नाय, नि आम्हाला कोण उतरू देत नाय. तू घोर लावून घेऊ नको. मिठागरात पाणी घेतलंत का?

काल डेकवर भर दर्यातला काळा पक्षी पडला. वादळानंतर तुला मिठागरात मिळालेला, तसाच. त्याला तू कोंबडीसारखा टोपलीखाली ठेवून तांदूळ घातलेस, नि तो मेला. इथला जुना खलाशी बोलला, ह्याला सपाट जागेवरनं उडता येत नाय, उचलून वाऱ्यावर सोडावा लागतो. मी सोडला. गेला गो!

मला जहाजावर चढवणाऱ्या पेणच्या एजंटाकडे हितेशदादाला पुन्हा धाड. मागच्या खेपेला तो चहा पिऊन परत आला. आता मला सोडवल्याबिगर उठू नको म्हणावं.

तुझाच,
निकेश