मुखपृष्ठावरचा मुकादम

सोमवार, दुकानाला सुट्टी

धाकटे,

अनेक आशीर्वाद. गुडघ्याचे टाके निघाले का? जिना उतरायची घाई करू नकोस. जावईबापूंचा खोकला, लेकीची पाठ, नातीचे दात, सगळं सविस्तर कळव. इकडे तुझी वहिनी ठणठणीत आहे. माझ्याशी बोलत नाही, एवढंच.

मागे दुकानात गंमत झाली. बाकावरच्या जुन्या मासिकांवरून गिऱ्हाइकांत वाद पेटला, मुखपृष्ठावर सगळ्यात जास्त कोणता प्राणी येतो? मी वाघ म्हणालो. गठ्ठा उलगडला तर कुत्रा पहिला, मागोमाग मांजर, मग घोडा. वाघ पार शेपटाला. शेजारचा शिंपी म्हणाला, "वाघ कुणाच्या घरात असतो? माणूस ओळखीचं तोंड बघून हात घालतो."

दाढी करायला खुर्चीत एक फोटोवाला बसला होता. "मलाही या वेळी कुत्राच हवाय," म्हणाला. तू ठेवून गेलेला तुझा कुत्रा, मुकादम, माझ्या पायाशी घोरत होता. फोटोवाल्याने वाकून पाहिलं. "देखणा आहे हो. पण तोंड पिकलंय. आमच्या मालकांना तरणाताठा लागतो."

धाकटे, पांढऱ्याचं काळं करण्यात माझा जन्म गेला.

मुखपृष्ठावर मुकादम असा रुबाबात बसलाय, की सगळी गल्ली बघून गेली.

परवा फोनवर तू त्याचं विचारलंस आणि मी गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला. गिऱ्हाईक नव्हतं. बोलायला जीभ रेटेना, म्हणून लिहितोय. त्याच्या तोंडाला मी लावलेला रंग माणसांच्या केसांचा होता. दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड सुजलं, त्याने पंजाने चोळलं, डोळ्यांत गेलं. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "आजोबा, गिऱ्हाइकाला आधी कानामागे लावून बघता ना? मग याला का नाही?" उजवा डोळा वाचला. डावा गेला.

वहिनी तेवढंच एक बोलली, "त्या मुक्या जिवाने सांगितलं होतं का, मला तरुण करा म्हणून?"

आता जखम भरलीय, खातोपितो. चावला असता तर बरं वाटलं असतं. मी ब्रश हातात घेतला की तो थरथरतो, आणि तरी माझ्याच पायाशी येऊन तोंड वर करून बसतो. त्या दिवशी मी धरलं होतं, तसं.

ते मासिक कुठे दिसलं तर तो मुकादम खरा धरू नकोस. त्याला तुझ्याकडे आणून सोडू की इथेच राहू दे, तू म्हणशील तसं. चार शिव्या लिही, पण पत्र लवकर टाक. तो दारात बसून वाट बघतो, मीही.

दादा म्हणवून घ्यायला ओशाळलेला,
तुझा दादा